दाऊ (इंग्रजीतील जुने सर्वनाम)

दाऊ : इंग्रजीतील द्वितीय पुरुषी एकवचनी सर्वनाम, म्हणजे आपला ‘तू’. प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून ते सतराव्या शतकात मागे पडले. आज ते मुख्यतः जुन्या कविता, नाटके आणि प्रार्थना यांत आढळते. उच्चार ‘थाऊ’ असा नाही. सुरुवातीचा ध्वनी ‘द’च्या जवळचा आहे.

कर्ता असेल तर दाऊ, कर्म असेल किंवा शब्दयोगी अव्ययाबरोबर आले तर दी, ‘तुझा-तुझी-तुझे’ या अर्थी दाय. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असल्यास दायचे दाइन होते : दाय हँड, पण दाइन आइज. पुढे नाम नसेल तेव्हाही दाइनच. अनेकवचनात कर्ता यी आणि कर्म यू. पुढे यूने यीचीही जागा घेतली.

क्रियापदाला ‘एस्ट’ किंवा ‘स्ट’ लागतो : दाऊ नोएस्ट (तुला ठाऊक आहे), दाऊ हॅस्ट, दाऊ डिड्स्ट. आर्ट (आहेस), विल्ट आणि शॅल्ट ही रूपे वेगळी लक्षात ठेवावी लागतात; मस्टला काहीच लागत नाही. जुन्या ढंगाचे इंग्रजी लिहू पाहणारे हमखास ‘दाऊ हॅथ’ लिहितात. ते चूक आहे, कारण ‘थ’ आणि ‘एथ’ हे तृतीय पुरुषाचे प्रत्यय आहेत : ही हॅथ, शी नोएथ.

प्राचीन इंग्रजीत या सर्वनामात मान-अपमानाचा प्रश्न नव्हता; समोर एकटा राजा असला तरी एकवचनच. तेराव्या शतकापासून फ्रेंचच्या प्रभावाने एका व्यक्तीलाही आदरार्थी अनेकवचन वापरले जाऊ लागले आणि दाऊ धाकटे, नोकर, जिवलग व शत्रू यांच्यासाठी उरले. म्हणजे ‘अरे-तुरे’तली माया आणि ‘अरे-तुरे’तला अपमान, दोन्ही त्यात आले. १६०३ मध्ये विंचेस्टर येथे दर्यावर्दी आणि दरबारी सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम दाऊ म्हणून हिणवले. त्याच शतकाच्या मध्यापासून जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांनी उलट तत्त्व म्हणून सर्वांनाच, अगदी न्यायाधीशांनाही, एकेरी संबोधायला सुरुवात केली आणि त्यापायी रोष ओढवून घेतला. त्यांच्या बोलीत पुढे कर्त्याच्या जागीही दी रुळले.

आजच्या इंग्रजी वाचकाला दाऊ भारदस्त वाटते. ही समजूत उलटी आहे, पण तिचे कारण उघड आहे : हा शब्द त्याच्या कानावर पडतो तो बहुधा प्रार्थनेतच. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला मात्र त्यातली जवळीक चटकन कळावी.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हा भेद आदराचा नसून वचनाचा आहे : एकाला दाऊ, अनेकांना यी, मग तो देव असो वा चोर. हिब्रू आणि ग्रीक मुळातला फरक त्यामुळे जपला गेला. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याच्याशी बोलतो. सैतानाने ‘यू’ मागितले असे म्हणताना सर्व शिष्य अभिप्रेत आहेत आणि लगेच पुढच्या ओळीत ‘दी’साठी प्रार्थना केली म्हणताना एकटा पेत्र. दोन्हीकडे यू घातले की हा अर्थ पुसला जातो. मराठीत ‘तुम्हांला’ आणि ‘तुझ्यासाठी’ यांनी तो आपोआप टिकतो.

‘यी ओल्ड’ असे लिहिलेल्या दुकानांच्या पाट्यांवरचे ‘यी’ मात्र हे सर्वनाम नव्हे. ‘द’साठी इंग्रजीत पूर्वी थॉर्न नावाचे स्वतंत्र अक्षर होते. हस्तलिखितांत ते वायसारखे दिसू लागले होते आणि युरोपातून आणलेल्या छापखान्याच्या खिळ्यांत ते नव्हते, म्हणून मुद्रकांनी त्याजागी वाय बसवले. ती पाटी ‘द ओल्ड’ अशीच वाचायची.

यॉर्कशर आणि लँकाशरच्या बोलींत, विशेषतः जुन्या पिढीच्या तोंडी, हे सर्वनाम ‘दा’ या रूपात अजून ऐकू येते.