घसरत्या गाडीचा पिवळा दिवा

डॅशबोर्डवर मागून दिसणारी छोटीशी गाडी आणि तिच्या चाकांखाली वळवळत गेलेल्या दोन रेघा, असं ते चित्र असतं. इग्निशन चालू केलं की बाकीच्या दिव्यांबरोबर हा दिवाही दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. एखाद्या दिवशी तो विझत नाही. मग स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला जातो, स्कॅनर एखाद्या चाकाच्या सेन्सरचं नाव सांगतो, सेन्सर बदलला जातो आणि आठवड्याभरात दिवा परत हजर. दुसऱ्यांदा सेन्सर बदलूनही तेच झालं की गाडीवाला आणि मेकॅनिक दोघंही वैतागतात. हा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे, की त्याचं मूळ एकदा नीट मांडावंसं वाटलं. मेकॅनिकच्या हलगर्जीपणात ते क्वचितच सापडतं. हा दिवा ईएससीचा, म्हणजे घसरती गाडी सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचा. हे ईएससी ज्या क्रमाने आणि ज्या कायद्यांच्या आधाराने गाडीत आलं, त्यात ते दडलेलं आहे.

सुरुवात ब्रेकपासून करावी लागते. जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होतं, आणि जाम झालेलं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. विमानांसाठी यावर १९५० च्या दशकातच तोड निघाली होती. डनलॉप कंपनीची ‘मॅक्सरेट’ ही पूर्णपणे यांत्रिक व्यवस्था चाक अडकू लागलं की ब्रेकचा दाब सोडायची. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत तीच बसवली गेली. पण रस्त्यावरच्या गाडीला चारही चाकांचा हिशेब सेकंदात अनेकदा करावा लागतो आणि तिथे यंत्राचे दात-चाकं कमी पडतात. बॉश या जर्मन कंपनीची पहिली इलेक्ट्रॉनिक रचना सुमारे हजार सुट्या घटकांची होती. ती जुळवता येत होती, पण वर्षानुवर्षं खड्ड्यांतून, पाण्यातून टिकेल याची खात्री नव्हती. डिजिटल चिप आल्यावर हे घटक १४० च्या आसपास आले, आणि १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारं ब्रेकचं इलेक्ट्रॉनिक्स, विक्रीला आलं.

आजच्या दिव्याचा स्वभाव याच वेळी ठरला. ब्रेकमध्ये हात घालणारं इलेक्ट्रॉनिक्स चुकलं तर काय, ही भीती खरी होती. म्हणून नियम असा झाला की यंत्रणेने सतत स्वतःची तपासणी करायची आणि जरा संशय आला तरी बाजूला व्हायचं. साधा हायड्रॉलिक ब्रेक तसाच चालू राहतो, फक्त मदतनीस रजेवर जातो आणि जाताना दिवा लावून जातो. बिघाड सिद्ध होईपर्यंत थांबायचं नाही, शंका आली की माघार घ्यायची. ही सवय पुढे ईएससीने जशीच्या तशी उचलली. फरक इतकाच की ईएससीकडे शंका घ्यायला जागा कितीतरी जास्त होत्या.

एबीएस आणि त्यामागोमाग १९८० च्या दशकात आलेलं ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) या दोघांना चाक किती वेगाने फिरतंय एवढंच कळत होतं. गाडी आडवी जातेय का, स्वतःभोवती फिरतेय का, हे त्यांना दिसत नव्हतं. चारही चाकं फिरत असतानाही गाडी वळणावर शेपटी फेकू शकते. बॉशमध्ये अँटन व्हॅन झँटेन या डच अभियंत्याच्या गटाने हा प्रश्न हाती घेतला. (याच कामासाठी युरोपियन पेटंट ऑफिसने २०१६ मध्ये त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला.) त्यांची कल्पना सांगायला सोपी आहे. चालकाला कुठे जायचंय ते स्टिअरिंगच्या कोनावरून आणि वेगावरून काढायचं. गाडी खरोखर कुठे चाललीय ते तिच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगावरून, म्हणजे यॉ रेटवरून, आणि बाजूच्या ओढीवरून काढायचं. दोन्हींत तफावत दिसली की एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी ओढून आणायची. मागची बाजू बाहेर निघाली तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक धरायचं. पुढची बाजू सरळ निसटत असेल तर आतल्या अंगाचं मागचं. हा ताळा सेकंदाला २५ वेळा जुळवला जातो.

अडचण मोजण्यात होती. फिरण्याचा वेग मोजणारी साधनं तोवर विमानांत आणि क्षेपणास्त्रांत वापरली जात. मोटारीत मावतील आणि परवडतील अशी ती करण्यात बरीच वर्षं गेली. १९९५ मध्ये बॉशचं ईएसपी (ईएससीला बॉशने दिलेलं नाव) मर्सिडीजच्या एस ६०० कूपेमध्ये आलं. टोयोटानेही त्याच वर्षी स्वतःची व्हीएससी यंत्रणा बाजारात आणली. पुढे प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलं. होंडाचं व्हीएसए, बीएमडब्ल्यूचं डीएससी, निसान आणि सुबारूचं व्हीडीसी. आत तत्त्व एकच, दिव्यावरची अक्षरं निराळी. त्यामुळे आजही अनेकांना आपल्या गाडीत ईएससी आहे की नाही हेच माहीत नसतं.

महागड्या गाड्यांपुरती राहिली असती ती चीज एका उलटलेल्या छोट्या गाडीमुळे सर्वांपर्यंत पोचली. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने नव्या मर्सिडीज ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मूस हा मोठा प्राणी आडवा आला तर जसं झटकन बाजूला आणि परत आपल्या लेनमध्ये यावं लागतं, तशी ती चाचणी. गाडी उलटली. बातमी जगभर गेली. मर्सिडीजने विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि ए-क्लासच्या प्रत्येक गाडीत ईएसपी बसवायचा निर्णय घेतला. लहान गाडीत ईएसपी सरसकट बसवायचं म्हणजे संख्या वाढणार, संख्या वाढली की किंमत उतरणार, आणि झालंही तसंच. सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म यॉ सेन्सर १९९८ पासून येऊ लागले, त्याचाही हातभार लागला.

मग कायदा आला. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, २००७ मध्ये १२६ क्रमांकाचं मानक काढलं. दुसऱ्या कोणत्याही गाडीला न धडकता होणारे अपघात ईएससीमुळे साध्या मोटारींत ३४ टक्के आणि एसयूव्हींत ५९ टक्के कमी होतील, असा त्या वेळचा अंदाज होता. सप्टेंबर २०११ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांना ईएससी सक्तीचं झालं. युरोपियन युनियनमध्ये नव्या मॉडेलना नोव्हेंबर २०११ पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१४ पासून.

अमेरिकेच्या त्या मानकातला एक छोटा परिच्छेद मला फार मोलाचा वाटतो, कारण दिवा का लागतो आणि केव्हा विझतो हे त्यातून उमगतं. यंत्रणा स्वतःचा बिघाड ओळखते का, हे तपासायला आधी मुद्दाम एखादी जोडणी काढून बिघाड करतात. मग गाडी ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास नेतात आणि दोन मिनिटांच्या आत एक डावं वळण, एक उजवं वळण घेऊन एकदा ब्रेक दाबतात. एवढ्यात दिवा लागला पाहिजे. दोन्ही वळणं कशासाठी? सरळ रस्त्यावर यॉ सेन्सरचं योग्य उत्तर शून्य असतं, आणि मेलेला सेन्सरही शून्यच सांगतो. स्टिअरिंगचा सेन्सर मध्यावर अडकला असेल तरी सरळ जाताना तो बरोबरच वाटतो. वळण घेतलं की डाव्या-उजव्या चाकांच्या वेगात फरक पडतो, आणि तो फरक, यॉ सेन्सर, बाजूची ओढ आणि स्टिअरिंगचा कोन या चारही साक्षी एकमेकींशी जुळाव्या लागतात. एक साक्ष वेगळं बोलली की युनिटला, म्हणजे यंत्रणेच्या छोट्या संगणकाला, कळतं, कोणीतरी खोटं बोलतंय. पण कोण, हे दर वेळी ओळखता येईलच असं नाही. कोडमध्ये येणारं नाव म्हणजे ज्याची साक्ष बाकीच्यांशी जुळली नाही त्याचं नाव. तो गुन्हेगार असेलच असं नाही.

चाकांचं अलाइनमेंट करून घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी हा दिवा लागतो, ते यामुळेच. गाडी सरळ चालतेय, पण स्टिअरिंगचा शून्य बिंदू नव्याने शिकवलेला नाही. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घातला, तर ते चाक कायम वेगळ्या गतीने फिरतं आणि गाडी जणू सतत वळतेय असं युनिटला वाटतं. बॅटरी अशक्त असेल तर स्टार्ट करताना व्होल्टेज कोसळतं आणि सेन्सर क्षणभर गप्प होतात. ब्रेक पेडलजवळचा स्टॉपलाइटचा छोटा स्विच खराब झाला, तर पेडल दाबलेलं नसताना ब्रेकमध्ये दाब कसा, असा प्रश्न युनिटला पडतो. यांतल्या एकाही दुखण्यात चाकाचा सेन्सर बदलून काही साधत नाही.

स्कॅनरची कथा मात्र पूर्ण वेगळ्या कायद्यातून आलेली आहे, आणि निदानाचा निम्मा गोंधळ इथे आहे. गाडीने आपले दोष आपणच सांगावेत ही सक्ती धुरामुळे झाली. कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून इंजिनावर स्वयंतपासणी आणली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ओबीडी-२ ही स्वयंतपासणीची ठरावीक पद्धत आणि १६ पिनांचं ते सर्वपरिचित सॉकेट लागू झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. कोडची अक्षरंही तेव्हाच ठरली. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतलं आपापसातलं संभाषण. पण धुराच्या कायद्याला धुराशी संबंध असलेल्या कोडांचीच काळजी होती. ब्रेकच्या युनिटशी कोणत्या भाषेत बोलायचं हे कंपन्यांवर सोडलं गेलं. म्हणूनच स्वस्त स्कॅनर त्याच सॉकेटमध्ये बसतो, इंजिन ठणठणीत असल्याचं सांगतो, आणि समोर ईएससीचा दिवा जळत असतो. स्कॅनर खोटं बोलत नाही, त्याने ब्रेकच्या युनिटला विचारलेलंच नसतं. त्याआधीच्या काळात तर दोन पिना तारेने जोडून एबीएसच्या दिव्याची उघडझाप मोजावी लागे. कष्टाचं काम, पण निदान ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं जायचं.

या दोन वेगळ्या वाटांना जोडणारी तार म्हणजे कॅन बस. बॉशने ती १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत मांडली. दोन वायरींवर गाडीतली सगळी युनिटं एकमेकांशी बोलू लागली. ईएससीला घसरण थांबवताना इंजिनाची ताकदही कमी करून हवी असते. ती मागणी या तारेवरून जाते. इंजिनाला स्वतःच्याच आकड्यांची खात्री नसेल तर ते तसं कळवतं आणि ईएससी माघार घेतं. म्हणून काही गाड्यांत इंधनाच्या टाकीचं झाकण सैल राहिल्यामुळे इंजिनाचा दिवा लागतो आणि त्याच्याबरोबर घसरत्या गाडीचा दिवाही. इंजिनाचा आणि ईएससीचा दिवा एकत्र लागले असतील, तर आधी इंजिनाचं पाहावं. एबीएसचा आणि ईएससीचा एकत्र असतील, तर चाकांकडे जावं. एकटा ईएससीचा असेल तर स्टिअरिंगचा कोन, यॉ सेन्सर आणि ब्रेकचा स्विच. आणि घसरड्या वळणावर तो लुकलुकला तर बिघाड काहीच नाही, यंत्रणा त्या क्षणी आपलं काम करते आहे.

चाकाचे सेन्सरही दोन पिढ्यांचे आहेत. जुन्यात चुंबकाभोवती तारेचं वेटोळं असतं. समोरून लोखंडी रिंगचे दात गेले की त्यात वीज उमटते. गाडी अगदी हळू असली की ती इतकी क्षीण होते की चाक थांबल्यासारखं वाटतं. त्याचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो. नव्या सेन्सरमध्ये स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि दातांच्या जागी बऱ्याचदा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. त्याला मल्टिमीटर ओहमवर लावून काही अर्थबोध होत नाही. बेअरिंग बदलताना ही पट्टी सेन्सरच्या उलट्या बाजूला गेली, तर नवंकोरं बेअरिंग आणि चांगला सेन्सर असूनही चाक गप्प होतं. पट्टी डोळ्यांना साध्या काळ्या रबरासारखी दिसते, त्यामुळे ही चूक अनुभवी हातांकडूनही होते.

जुन्या पद्धतीचे सेन्सर असलेल्या एका गाडीची आठवण पक्की आहे. मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता, कोड तोच. तक्रारीत एक बारीक गोष्ट होती. गाडी सिग्नलला थांबतानाच, शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये, ब्रेक पेडल पायाखाली थरथरायचं. चारही चाकांचे वेग स्कॅनरवर शेजारी शेजारी लावून गाडी हळू चालवली. तीन रेघा गुळगुळीत, चौथीला दर फेऱ्याला एक खाच. चाक काढून टॉर्चच्या उजेडात रिंग बोटाने फिरवली. ४८ दात, आणि एका जागी नखात अडकेल एवढी चीर. रिंगच्या आत शाफ्टवर गंज चढला होता. गंज फुगतो, त्याने रिंग आतून ताणली गेली आणि तडकली. चिरेपाशी दोन दातांमधलं अंतर वाढलं होतं. वेगात ते विरून जायचं, पण हळू चालताना युनिटला वाटायचं की चाक क्षणभर अडकलं. मग एबीएस ब्रेक सोडायचं, पेडल थरथरायचं, साक्षी जुळायच्या नाहीत आणि ईएससी बाजूला व्हायचं.

गंज घासून काढला, नवी रिंग बसवली, कोड पुसला. उभ्या गाडीत दिवा विझलेलाच होता, पण तो तर दोन्ही वेळा सेन्सर बदलल्यावरही विझला होता. म्हणून गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. एक डावं वळण, एक उजवं, मग हळूहळू ब्रेक दाबत पूर्ण थांबेपर्यंत. पेडल शांत राहिलं. परत आल्यावर कोड पुन्हा वाचला. ब्रेकच्या युनिटमध्ये एकही नोंद नव्हती.