लॉ लायब्ररीतले मोफत कायद्याचे क्लास (कॅलिफोर्निया)

अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात, प्रत्येक काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) स्वतःची एक लॉ लायब्ररी असते, आणि त्यातल्या बऱ्याच लायब्रऱ्यांत सामान्य माणसांसाठी कायद्याचे फुकट क्लास चालतात, त्यांच्याबद्दलची ही नोंद. परीक्षा नाही, डिग्री नाही, नाव नोंदवायचं, तास-दीड तास बसायचं आणि घटस्फोटाचा अर्ज कसा भरतात, घरमालकाने खाली करायची केस टाकली तर उत्तर कसं देतात, नाव कसं बदलतात, जुना गुन्हा रेकॉर्डवर असेल तर कोर्टाकडे काय मागता येतं असलं एकेक काम शिकून घ्यायचं. क्लासला येणारे कायद्याची आवड म्हणून फारसे येत नाहीत, बहुतेकांच्या पिशवीत कोर्टाचा कागद असतो आणि त्यावर तारीख असते.

हे क्लास लागतातच का, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन कळत नाही, कारण अमेरिका म्हटलं की वकिलांचा देश असं डोक्यात बसलेलं असतं. गोष्ट अशी आहे की तिकडे सरकारी खर्चाने वकील मिळतो तो फौजदारी केसमध्ये. तो हक्क मिळाला १९६३ साली, गिडियनच्या खटल्यात. क्लॅरेन्स गिडियन हा फ्लोरिडातला गरीब माणूस, पूल हॉलमध्ये (बिलियर्डसारखा खेळ खेळायची जागा) चोरी केल्याचा आरोप होता, वकील मागितला तर मिळाला नाही म्हणून स्वतःच केस लढला आणि जेलमध्ये गेला. तिथे जेलच्या लायब्ररीत बसून कायदा वाचला आणि जेलच्याच कागदावर पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. सुप्रीम कोर्टाने त्याचं म्हणणं मान्य केलं, केस परत चालली, ह्या वेळी वकील होता, आणि तो सुटला. पण हा निकाल दिवाणी केसला लागू नाही. भाडं, घटस्फोट, मुलांचा ताबा, कर्जवसुली, ह्यात तुमच्याकडे पैसे नसतील तर तुमचं तुम्ही बघा. २०११ साली टर्नर वि. रॉजर्स ह्या केसमध्ये तर मुलाच्या खर्चाचे पैसे न भरल्याबद्दल बाप जेलमध्ये जात होता, तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की वकील द्यायलाच हवा असं नाही, मात्र फॉर्म आणि प्रक्रिया तरी त्याला नीट समजेल अशी पाहिजे. काही शहरांनी पुढे जाऊन भाडेकरूंना वकील द्यायचं ठरवलं, न्यूयॉर्कने २०१७ मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने २०१८ मध्ये. बाकी ठिकाणी माणूस एकटा उभा राहतो. कॅलिफोर्नियात अशा माणसाला ‘प्रो पर’ म्हणतात, आणि हे क्लास मुख्यतः ह्या प्रो पर मंडळींसाठी आहेत.

लायब्रऱ्या मात्र जुन्या. १८९१ च्या राज्य कायद्याने काउंटी लॉ लायब्ररीची सोय झाली, लॉस एंजेलिसची लायब्ररी त्याच वर्षीची, आज तिचा संग्रह जवळपास दहा लाख ग्रंथांएवढा आहे आणि अशा सार्वजनिक लॉ लायब्रऱ्यांत तिच्यापेक्षा मोठी म्हणजे वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस. ओकलंडमध्ये अलामेडा काउंटीची आहे, तिला बर्नार्ड विटकिनचं नाव दिलंय, कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर टीका-ग्रंथ लिहिणारा हा माणूस तिथल्या वकिलांना आपल्याकडच्या मुल्लासारखा (कायद्याच्या ग्रंथांचे लेखक दिनशा मुल्ला), म्हणजे नुसतं आडनाव घेतलं की पुरतं. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की जज आणि वकिलांप्रमाणेच काउंटीतल्या कुठल्याही रहिवाशाला तिथे बसून पुस्तकं फुकट बघता येतील. ओळखपत्र, शिफारस काही नको. वकिलांना महिन्याला भरपूर पैसे मोजून घ्यावे लागणारे वेस्टलॉ, लेक्सिस असले कायदे-निकाल शोधायचे डेटाबेससुद्धा तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट असतात.

पैशाची गंमत वेगळीच. लायब्ररीचा खर्च मुख्यतः कोर्ट-फीतून चालतो. दिवाणी दावा दाखल करताना जी पहिली फी भरतात (मोठ्या दाव्याला साधारण ४३५ डॉलर) त्यातला छोटा हिस्सा लायब्ररीला जातो. आता जो गरीब आहे तो फी-माफीचा फॉर्म भरतो, त्याचं नाव एफडब्ल्यू-००१, आणि त्याची फी माफ झाली की लायब्ररीचा हिस्साही गेला. म्हणजे ज्याच्यासाठी क्लास घ्यायचे त्याच्याकडून काहीच येत नाही, आणि मंदीनंतर दावेच कमी झाले तेव्हा लायब्रऱ्यांचे हाल झाले, शेवटी २०१८ साली राज्याच्या बजेटमधून पैसे द्यावे लागले.

क्लासमध्ये नक्की काय होतं

घर खाली करण्याच्या केसचा क्लास घ्या, कारण सगळ्यात जास्त घाई तिथेच असते. भाडं थकलं की आधी घरमालक तीन दिवसांची नोटीस देतो, हे तीन दिवस मोजताना शनिवार-रविवार आणि कोर्टाची सुट्टी धरायची नाही, हा नियम २०१९ पासूनचा. मग केस. समन्स हातात पडल्यापासून उत्तर द्यायला पूर्वी पाच दिवस असायचे, १ जानेवारी २०२५ पासून कोर्टाच्या कामकाजाचे दहा दिवस मिळतात. दहा दिवसांत उत्तर गेलं नाही तर घरमालक एकतर्फी निकाल मागतो आणि मग शेरीफ (कोर्टाचा हुकूम बजावणारा काउंटीचा पोलीस अधिकारी) दारात. म्हणून शिकवणारा पहिल्यांदा कायदा सांगतच नाही, तो म्हणतो कॅलेंडर काढा. सगळे मोबाईल काढतात, बोटांवर दिवस मोजतात, आणि दर वेळी कोणीतरी समन्स मिळाला तोच दिवस एक धरतो, तो धरायचा नसतो. त्यानंतर यूडी-१०५ हा उत्तराचा फॉर्म पडद्यावर येतो आणि एकेक चौकोन बघत जायचं, हीटर बंद आहे, छत गळतंय, नोटीस चुकीची आहे, ह्यातलं तुमच्या बाबतीत खरं असेल तिथेच खूण करा. आणि भरलेला फॉर्म समोरच्या पक्षाला स्वतः पोस्ट करायचा नाही, अठरा वर्षांवरचा, केसमध्ये नसलेला माणूस तो पाठवणार आणि त्याने सही करून सांगायचं की मी पाठवला. इथे हमखास गोंधळ होतो, लोक बायकोला केसमध्ये पक्षकार असूनही सही करायला लावतात.

ज्या अर्जांना छापील फॉर्म नाही ते ‘प्लीडिंग पेपर’वर टाईप करावे लागतात. हा कागद म्हणजे डाव्या कडेला एक ते अठ्ठावीस आकडे छापलेले आणि प्रत्येक ओळ त्या आकड्यासमोर बसली पाहिजे. नवख्या माणसाचा अर्धा दिवस ह्या ओळी जुळवण्यात जातो. मला स्वतःला हा प्रकार बघितल्यावर आपल्याकडचा हिरवट लेजर पेपर आणि त्याचा सोडायचा समास आठवला, कोर्ट कुठलंही असो कागदाचं सोवळं असतंच.

शिकवतात कोण? कधी स्वतः लायब्रेरियन, त्यातल्या बऱ्याच जणांकडे कायद्याची डिग्री पण असते, आणि कधी बाहेरचे वकील फुकट येऊन शिकवतात. ऑक्टोबरच्या शेवटी फुकट वकिलीचा आठवडा असतो आणि १ मे ला तिकडे लॉ डे, तेव्हा क्लासची नुसती रांग लागते. (१ मे आपला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. अमेरिकेने १९५८ साली, कामगार दिनाच्या लाल झेंड्यांना उत्तर म्हणून, तोच दिवस कायद्याला दिला.) २०२० च्या कोविडमध्ये क्लास झूमवर गेले आणि बरेच तिथेच राहिले, नोकरदारांना ते बरं पडलं.

माहिती आणि सल्ला

क्लासमधली खरी कसरत ही. लायसन्स नसताना वकिली करणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, त्यामुळे लायब्रेरियन माहिती देऊ शकतो पण सल्ला देऊ शकत नाही. ‘उत्तर द्यायला किती दिवस असतात’ हे सांगेल. ‘मी हीटरचा मुद्दा घेऊ की नोटिशीचा’ म्हटलं की हात वर. लोक मग फिरवून विचारतात, बरं माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, आणि तो हसून दोन्ही मुद्द्यांवरचं पुस्तक आणून पान उघडून समोर ठेवतो. वकील शिकवत असला तरी क्लासमध्ये तो तुमचा वकील नसतो, हे तो सुरुवातीलाच सांगतो, कारण त्याच खोलीत तुमच्या समोरची पार्टी पण बसलेली असू शकते. ऐकायला हे कोरडं वाटतं आणि घर जायची वेळ आलेल्या माणसाला तर रागच येतो. पण मला वाटतं ह्या रेषेमुळेच क्लास टिकलेत, लायब्ररीने बाजू घ्यायला सुरुवात केली असती तर घरमालकांच्या वकिलांनी एका वर्षात बंद पाडले असते. ज्याला सल्लाच पाहिजे त्याच्यासाठी काही लायब्रऱ्यांत वकील ठरलेल्या दिवशी बसतात आणि थोडा वेळ एकेकट्याला भेटतात, ते क्लासपासून वेगळं.

मराठी मंडळींना ह्यातला कामाचा क्लास म्हणजे स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमेचे दावे. फ्रीमाँट, सनीवेल, सॅन होजे भागात भाड्याने राहून घर बदलणारे आपले लोक खूप, आणि डिपॉझिट अडकणं ही नेहमीची रड. नियम असा की घर सोडल्यावर २१ दिवसांत घरमालकाने डिपॉझिट परत द्यायचं किंवा कशाचे किती कापले त्याचा हिशोब द्यायचा, आणि जुलै २०२४ पासून साधारण एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेताच येत नाही (छोट्या घरमालकांना थोडी सूट आहे). नाही दिलं तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, तिथे माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो, फी ३० ते ७५ डॉलर, आणि तिथे दोन्हीकडून वकील उभा राहूच शकत नाही. एक अट क्लासमध्ये ठासून सांगतात, दावा करणारा हरला तर त्याला अपील नाही. तेव्हा घर सोडतानाचे फोटो तारखेसकट काढून ठेवायचे.

आपल्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली कलम ३९अ आलं, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, आणि त्याखाली महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतला माणूस, औद्योगिक कामगार ह्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तो दिवाणी केसमध्येही मिळतो, जे अमेरिकेत सरसकट नाही. १५१०० ही हेल्पलाईन आहे. जनजागृतीसाठी गावोगाव कायदेविषयक शिबिरं होतात, बॅनर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग एक वकीलसाहेब बोलतात आणि एक न्यायाधीश मॅडम बोलतात. काही शिबिरं खरंच चांगली असतात, विशेषतः गावातली विधी स्वयंसेवक ओळखीची असेल तर बायका नंतर बाजूला जाऊन विचारतात. पण लायब्ररी? कोर्टातली लायब्ररी म्हणजे बार रूमची, काळा कोट घातलेल्यांसाठी, पक्षकार व्हरांड्यात. आणि वारसाचा किंवा पोटगीचा अर्ज समोर ठेवून रकाना-रकाना भरून दाखवणारा दुपारी बाराचा क्लास मी तरी कुठल्या तालुका कोर्टात बघितलेला नाही, ते काम गेटाबाहेर छत्रीखाली बसलेला टायपिस्ट करतो, पानाचे पैसे घेऊन, आणि मजकूर काय लिहायचा हे पण तोच सांगतो.