जुनी हत्यारं, भंगारातलं पोलाद
नव्याने लोहारकाम शिकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नवा माणूस आला की पहिला प्रश्न ऐरणीचा असतो. किती किलोची घेऊ? 'सध्या घेऊच नका' हे आमचं उत्तर ऐकून तो जरा हिरमुसतो. सुरुवातीला लागतो फक्त जड, सपाट आणि न हलणारा पोलादाचा ठोकळा. रीतसर भंगारात निघालेल्या रुळाचा हातभर तुकडा चालतो, मात्र तो आडवा टाकू नका, ओंडक्यात उभा रोवा. आडवा रूळ घावागणिक थरथरतो आणि ताकद खातो. उभा केला की त्याचं सगळं वजन घावाच्या बरोबर खाली येतं. माथा लहान दिसतो हे खरं, पण हातोड्याचं तोंड तरी केवढं असतं? उंची अशी ठेवा की ताठ उभं राहून हात सैल सोडला आणि मूठ वळली, की ती माथ्याला जेमतेम टेकावी.

जुनी ऐरण मिळतच असेल तर खिशात बेअरिंगची गोळी घेऊन जा. २५ सेंटिमीटरवरून गोळी सोडा. १८ सेंटिमीटर किंवा त्याहून वर उसळली तर ऐरण चांगली. मेल्यासारखी जागेवरच पडली तर ऐरण बहुधा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. रंग कितीही चकचकीत असला तरी ती सोडून द्या, तिच्या कडांचे टवके उडतात.

हातोड्यात मात्र कंजुषी नको. ८०० ग्रॅम ते १ किलोचा पुरे. जड घण घेऊन हात लवकर दमतो आणि दमलेला हात वाकडं मारतो. डोकं हलत असेल तर दांडा पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती करू नका. लाकूड फुगतं, वाळलं की पुन्हा सैल होतं. नवी पाचर ठोका. तोंडाच्या धारदार कडा ग्राइंडरवर किंचित गोल करून घ्या, नाहीतर तापलेल्या लोखंडावर चंद्रकोरीसारखे काप पडतात. जुन्या छिन्नीच्या माथ्यावर फुललेली छत्रीही आधी घासून काढा. त्या छत्रीचाच तुकडा उडून डोळ्यात जातो. चष्म्याशिवाय काम सुरूच करायचं नाही.

आता भंगार. खरी फसगत इथे होते, कारण गंजलेलं सगळं लोखंड सारखंच दिसतं. ग्राइंडरला टेकवा आणि ठिणग्या बघा. साध्या माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, कमी फुटणाऱ्या. गाडीच्या पाट्याच्या (चाकावरच्या पट्टीच्या स्प्रिंगच्या), जुन्या कानशीच्या ठिणग्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटतात. तिथे कार्बन जास्त. माइल्ड स्टीलमध्ये तो साधारण पाव टक्क्याच्या आत असतो, पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या वर. एवढ्या फरकाने सगळा स्वभाव बदलतो.

आमच्यातल्या एकाने पहिली छिन्नी ट्रकच्या पाट्यातून काढली होती. घडली छान. लालबुंद करून पाण्यात बुडवली आणि बादलीतून 'टिक्' असा बारीक आवाज आला. बाहेर काढून पुसली तर धारेपासून वर केसासारखी चीर. पाट्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम बुडवून कडक करायचं, ते तेलात, तेसुद्धा कोमट तेलात. शेजारी धातूचं झाकण हवं, भडका उडाला तर तेलावर टाकायला. कधी बुडवायचं ते लोहचुंबक सांगतो: ७७० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्यानंतर थोडंसंच पुढे जायचं. बुडवून काढलेली छिन्नी काचेसारखी ठिसूळ असते, तिला तसंच वापरू नका. धार घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूने हळू तापवा. पिवळा, तपकिरी, मग जांभळा रंग धारेकडे सरकत येतो. जांभळा धारेला पोचला की थंड करा. वापरलेल्या पाट्यात आधीच बारीक तडे असू शकतात, तेव्हा एखादा तुकडा वाया जाणारच.

जस्ताचा मुलामा असलेले पाइप, खिळे, पत्रे भट्टीत घालू नका. जस्त ९०७ अंशाला उकळतं, त्याचा धूर घेतला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. क्रोमच्या चकाकीलाही तोच नियम. दोन्ही तोंडं बंद असलेली नळी किंवा गाडीचा शॉकअब्सॉर्बर तापवला तर तो फुटतो, बॉम्बसारखा. आम्ही असा माल भट्टीसाठी कोणालाच देत नाही, मागितला तरी.

पहिलं काम म्हणून आम्ही आकडा, म्हणजे हुक, सुचवतो. १० मिलिमीटरची माइल्ड स्टीलची सळई घ्या, अर्धा मीटर लांब, म्हणजे सांडशीही लागणार नाही. टोक नारिंगी-पिवळं होऊ द्या. पांढरं पडून फुलबाजीसारखं तडतडलं तर जळलं, तेवढं कापून टाका. टोक निमुळतं करताना सळई सरळ गोल ठोकायचा मोह होतो. तसं केलं की मधला भाग मागे राहतो आणि टोक माशाच्या तोंडासारखं फाकतं. आधी चौकोनी ठोका, दर दोन घावांनी पाव फेरा. मग कोपरे मोडून अठकोनी, शेवटी गोल. रंग मंद लाल झाला की हात थांबवा, परत भट्टीत. गार लोखंड ठोकत राहणं ही नवशिक्याची सर्वांत मोठी सवय, आणि मनगट दुखायचं कारणही तेच.

काळं दिसणारं लोखंड गार असतंच असं नाही. ४०० अंशालाही ते काळंच दिसतं. उचलण्याआधी पाण्याचा थेंब टाकून बघा. कपडे सुती घाला, सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. कोळशाची भट्टी बंद खोलीत लावू नका, तिच्या विषारी वायूला वास नसतो.

आमच्याकडून पोलाद घेताना ठिणगी बघायला जरूर मागा, ग्राइंडर दुकानात चालूच असतो. तुम्ही दुसरीकडून आणलेला तुकडाही घेऊन या, तोही लावून बघू.