तुमचं व्हिडिओ पेटंट ऑब्व्हियस ठरेल का? फाईल करण्याआधी वाचा

आमच्याकडे येणारे बरेच इंजिनिअर म्हणतात की हुबेहूब असं कोणाचंच नाहीये, मग पेटंट मिळेलच ना? तसं नाही. नवीन असणं लागतंच, पण पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) प्रमाणे ते त्या फील्डमधल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखंही (म्हणजे ऑब्व्हियस) नको, आणि बरेचसे क्लेम (नेमका कशावर हक्क मागता ते) इथेच अडकतात.

समजा तुमचा क्लेम असा, की कॉम्प्रेशनमुळे चित्रात चौकोन दिसतात ते फिल्टरने पुसायचे आणि कॉम्प्रेशन जास्त तिथे फिल्टर जास्त. हे २००३ च्या एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेशन स्टँडर्डमध्ये आहेच. तिथे ब्लॉकच्या कडांना ० ते ४ अशी स्ट्रेंथ मिळते, आणि कडेच्या दोन बाजूंच्या पिक्सेलमधला फरक थ्रेशोल्डपेक्षा (ठरलेल्या मर्यादेपेक्षा) मोठा असेल तर फिल्टर लागतच नाही कारण ती चित्रातली खरी रेघ असू शकते. तुम्ही फक्त थ्रेशोल्डचे आकडे बदलले असतील तर पेटंट ऑफिसचा एक्झामिनर त्याला ट्यूनिंग म्हणणार, आणि आमच्या मते बरोबरच म्हणणार.

आता समजा तुमचा नाईट कॅमेरा आहे आणि सेन्सरच्या गेनवरून (सिग्नल किती वाढवला त्यावरून) तुम्ही हा फिल्टर कमीजास्त करता. दोन्ही गोष्टी जुन्या आहेत म्हणून जोडणी आपोआप ऑब्व्हियस होत नाही, बघायचं हे की फायलिंगच्या तारखेआधी व्हिडिओ इंजिनिअरला ते जोडायला काही कारण होतं का. अडचण अशी की हा फिल्टर एन्कोडर (व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा) आणि डिकोडर (तो परत उलगडणारा) दोघांनी सारखाच लावावा लागतो, डिकोडरला गेन माहीत नसतो, आणि दोघांचं जुळलं नाही की चूक फ्रेममागून फ्रेम साठत जाते. स्लाइस हेडरमधून (फ्रेमच्या तुकड्याच्या सुरुवातीला जाणाऱ्या माहितीतून) ऑफसेट, म्हणजे फिल्टर किती कमीजास्त करायचा तो आकडा, पाठवायची सोय स्टँडर्डमध्येच आहे, त्यामुळे नुसतं तिथून पाठवलं एवढ्यावर भागणार नाही, पण त्यापलीकडे काही केलं असेल तर क्लेम त्याच्यावरच बांधा!

अमेरिकेतही फाईल करणार असाल तर तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर जुन्या पेपरात "हे दोन जोडा" असं स्पष्ट लिहिलेलं असायलाच हवं असं नाही, इंजिनिअरची कॉमन सेन्सही धरली जाते. अल्गोरिदमला पेटंट नाही हा आपल्या कायद्यातल्या कलम ३(के) चा आक्षेप वेगळा, तो भेटीत बोलू.

येताना फसलेले प्रयोग नक्की आणा, तारखांसकट. उत्तर कळल्यावर सगळंच सोपं वाटतं, एक्झामिनरलाही, आणि तेव्हा तो रस्ता सरळ नव्हता हे दाखवायला हेच कागद कामी येतात. आणि प्लीज, फायलिंग होईपर्यंत डेमो यूट्यूबवर टाकू नका.