नवी वीजजोडणी: टेस्ट रिपोर्टवर सही होण्याआधी मेगर लावून घ्या

गोव्यात घरगुती जोडणीसाठी अर्ज करताना सगळी धावपळ मालकीच्या कागदांसाठी होते. वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मात्र ‘कंत्राटदार देईल की’ म्हणून शेवटावर ढकलला जातो. बऱ्याचदा तो मेगर (तारांचे इन्सुलेशन जास्त व्होल्टेजवर तपासणारे यंत्र) न लावताच भरला जातो आणि पहिल्या पावसात आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायला लागतो.

अर्ज घराचा मालक किंवा कायदेशीर ताबेदार करू शकतो. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ दोघांनाही हा हक्क देते, त्यामुळे भाडेकरूलाही अर्ज करता येतो. अर्ज गोवा ऑनलाइनवर किंवा वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात करावा. सोबत ओळखपत्र, विक्रीखत किंवा जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, नव्या बांधकामाला ऑक्युपन्सी (वापर परवानगीचा) दाखला, भाडेकरू असल्यास भाडेकरार आणि मालकाची ना हरकत असे कागद लागतात. आपल्या प्रकरणाला नेमके काय हवे ते उपविभागात आधी विचारून घ्यावे. गोव्यात खरा घोळ सहमालकांचा होतो. इथल्या नागरी कायद्याने नवरा-बायको बहुधा निम्मे-निम्मे मालक असतात, आणि वाटणी न झालेल्या घराच्या उताऱ्यावर भावंडांचीही नावे असतात. त्यांच्या सह्या आधीच घेऊन ठेवा.

वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार जोडणीची मुदत पालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे. नवी लाइन टाकावी लागली तर जास्त वेळ लागतो. मात्र ही मुदत अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण झाल्यापासून मोजली जाते. टेस्ट रिपोर्ट नसला तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

हा रिपोर्ट परवानाधारक वीज कंत्राटदारानेच द्यायचा असतो. चाचणी त्याचीच, पण ती होताना घरमालकाने शेजारी उभे राहावे. मेगरने तारांवर ५०० व्होल्ट डीसीचा दाब एक मिनिट देऊन इन्सुलेशनचे किमान १ मेगाओहम रीडिंग मिळाले पाहिजे. मल्टिमीटरने हे काम होत नाही, कारण त्याचा दाब काही व्होल्टचाच असतो आणि ओल लागलेले इन्सुलेशनही त्यावर चांगले दिसते.

जुन्या घरात लोड वाढवताना किंवा वायरिंग बदलल्यावर ही चाचणी केली, तर मेन स्विच बंद करून भागत नाही. इन्व्हर्टर आणि सोलर हे दुसरे पुरवठे असतात, तेही तोडायला हवेत. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासावा, मग बंद सर्किटवर लावावा आणि पुन्हा चालू लाइनवर तपासावा. टेस्टरच मेला असेल तर बंद-चालू कळणार नाही. नंतर सगळे प्लग, बल्ब, एलईडी, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि सर्ज प्रोटेक्टर काढावेत. राहिले तर रीडिंग खोटे येते आणि ते जळूही शकतात. आरसीसीबीही बाजूला करावा. घरातले सगळे स्विच मात्र चालू ठेवावेत, नाहीतर स्विचपुढची तार तपासलीच जात नाही. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून आधी अर्थिंगशी मोजावे, मग दोन्ही वेगळे करून एकमेकांशी. मोजणी चालू असताना उघड्या टोकांना कोणीही हात लावू नये. संपल्यावर मेगरने सर्किट डिस्चार्ज झाल्याची खात्री करावी; लांब केबलमध्ये चार्ज उरतो.

कोरड्या नव्या वायरिंगला १०० मेगाओहमच्या वर रीडिंग सहज मिळते. २ मेगाओहम आले तर नियमाने पास, पण नव्या घरात तेवढ्यावर समाधान मानू नये. सर्किटे समांतर जोडलेली असल्याने एकच खराब सर्किट सगळ्यांना खाली ओढते. तीन सर्किटे २० मेगाओहमची आणि चौथे ०.४ चे असेल, तर एकत्र रीडिंग जेमतेम ०.३८ येते. म्हणून प्रत्येक एमसीबीचे (जादा प्रवाह झाला की सर्किट तोडणाऱ्या स्विचचे) सर्किट स्वतंत्र मोजावे, त्याची न्यूट्रल तार बोर्डातल्या पट्टीवरून सोडवून. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडतच नाही. एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल तर पहिला संशय न्यूट्रल-अर्थ दोषावर घ्यावा.

चिरेबंदी भिंतीतला ओला कंड्युइट (तारांची नळी), फाटकावरचा दिवा, विहिरीचा पंप आणि बरेच दिवस बंद असलेला गिझर हे इथले नेहमीचे दोषी. गिझरच्या एलिमेंटमधली पूड ओल धरते. कधीकधी काही वेळ तापवल्यावर रीडिंग सुधारते. न सुधारल्यास एलिमेंट बदलावे.

‘आरसीसीबी पडत नाही, म्हणजे वायरिंग ठीक’ हा युक्तिवाद मान्य करू नका. २३० व्होल्टवर ३० मिलीअँपिअर गळती व्हायला इन्सुलेशन साडेसात किलोओहमच्या आसपास उतरावे लागते, म्हणजे १ मेगाओहमपेक्षा शंभर पटींहून खाली.

रिपोर्टवर नुसते ‘ओके’ नको. चाचणीची तारीख, व्होल्टेज, सर्किटवार रीडिंग आणि कंत्राटदाराचा परवाना क्रमांक एवढे वाचून मगच झेरॉक्स काढा. चाचणी उन्हाळ्यात झाली असेल तर बाहेरचे दिवे आणि पंप यांचे सर्किट जुलैत पुन्हा एकदा मोजून घ्यावे.