चोक काढा, मग एलईडी लावा

ट्यूबऐवजी एलईडी घ्यायला दुकानात येणाऱ्यांना आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो : तुमच्या पट्टीत चोक (ट्यूबला जाणारी वीज आवरणारा डबा) कोणता आहे, तांब्याचा की इलेक्ट्रॉनिक?

चार फुटी जुनी ट्यूब ३६ किंवा ४० वॅटची असते. पण तांब्याचा चोक स्वतःच १० ते १२ वॅट खातो, म्हणून तर तो तापतो. एकूण हिशेब ५० वॅटच्या आसपास जातो. ट्यूबचा बराच उजेड छताकडे वाया जातो, एलईडीचा खाली येतो. त्यामुळे २० वॅटची एलईडी बहुतेक खोल्यांना पुरते. ३० वॅट वाचले, दिवा रोज ८ तास चालला, तर महिन्याला एका दिव्यामागे साधारण ७ युनिट वाचतात. देवघरात तासभर लागणारी चांगली ट्यूब मात्र घाईने काढू नका, तिथे फारसं काही वाचत नाही.

जुनी पट्टी गंजली असेल, होल्डर कडक होऊन तडकले असतील, तर अख्खी नवी एलईडी बॅटन (दिवा आणि पट्टी एकत्रच) लावावी. पट्टी धड असेल तर तिच्यातच एलईडी ट्यूब बसते, पण चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलूनच. काही एलईडी ट्यूब चोकवरही चालतात. तरी आम्ही त्या सुचवत नाही, कारण चोकचं वीज खाणं थोडंफार चालूच राहतं आणि उद्या चोक गेला की पुन्हा शिडी.

काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे असतात, काहींना दोन टोकांना एकेक. खोक्यावरची आकृती बघूनच जोडणी करा, आणि तीही मेन स्विच बंद करून. काम झालं की पट्टीवर ‘फक्त एलईडी’ असं लिहून ठेवा. पुढे कोणी चुकून जुनी ट्यूब तिथे बसवली तर धोका आहे.

‘स्विच बंद केला तरी दिवा रात्री मंद तेवतो’, ही तक्रार वरचेवर येते. बहुतेक वेळा दिवा चांगलाच असतो. एक तर स्विचवर लाल इंडिकेटर असतो, नाहीतर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो. दुसरं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. अशा वेळी स्विच बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो, आणि स्टुलावर चढलेल्या माणसाला त्याची कल्पना नसते.

उतरवलेल्या ट्यूब कचऱ्यात फोडू नका. त्यांत पारा असतो, आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्या मोडतात. घरात फुटलीच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि काचा झाडूने न लोटता जाड कागदाने उचला. उरलेली भुकटी ओल्या कागदाने टिपून घ्या. न फुटलेल्या ट्यूब दुकानात आणून दिल्यात तर आम्ही त्या अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पोचवतो. तांब्याचा चोक मात्र वायरमनकडून मागून घ्या, भंगारात त्याचे पैसे येतात.