अल्पखर्ची ग्रहमोहीम

खर्च, वजन आणि मुदत यांची कमाल मर्यादा आधी ठरवून तीत बसेल तेवढेच विज्ञान पत्करणारी मानवरहित ग्रहमोहीम. या विचाराचा उगम कोठे धरावा याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो नासाच्या सौरमाला संशोधन समितीच्या १९८३ मधील अहवालापर्यंत मागे नेतात. मात्र त्यातून साकारलेले मार्स ऑब्झर्व्हर हे यान खर्चाने फुगत गेले आणि ऑगस्ट १९९३ मध्ये मंगळाच्या तोंडाशी त्याचा संपर्क तुटला. त्यामुळे १९९० च्या दशकारंभीचा नासाचा डिस्कव्हरी कार्यक्रम हाच प्रारंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यात विकासखर्चाला १५ कोटी डॉलर व विकासाला ३ वर्षे अशी स्पष्ट मर्यादा होती. त्यातील मार्स पाथफाइंडर १९९७ मध्ये हवेच्या पिशव्यांवर उसळ्या घेत मंगळावर उतरले.

भारताचे मंगलयान (२०१३, खर्च सुमारे ४५० कोटी रु.) हे आखणीचे उत्तम उदाहरण होय. जीएसएलव्ही हा भारताचा अधिक शक्तिशाली प्रक्षेपक तेव्हा भरवशाचा नव्हता, आणि पृथ्वी-मंगळ यांच्या अनुकूल स्थितीमुळे मिळणारी उड्डाणाची संधी हुकली तर पुढची सुमारे २६ महिन्यांनी. म्हणून पीएसएलव्ही हा कमी शक्तीचा पण भरवशाचा प्रक्षेपक निवडला. तो यानाला थेट मंगळाच्या वाटेला लावू शकत नसल्याने ही उणीव यानातील इंधनाने भरून काढली : १,३३७ किग्रॅ. वजनापैकी सुमारे ८५० किग्रॅ. इंधन, तर पाच उपकरणे मिळून अवघी १५ किग्रॅ. यान उपभूपाशी (कक्षेतील पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूपाशी), म्हणजे सर्वाधिक वेगात असताना, एंजिन पुनःपुन्हा पेटवून कक्षा ताणत नेली. तेथे जाळलेल्या इंधनातून सर्वाधिक ऊर्जा पदरात पडते. ११ नोव्हेंबरला एंजिनाच्या इंधनप्रवाहाच्या मुख्य झडपेची दोन्ही विद्युत वेटोळी (मुख्य व राखीव) एकाच वेळी चालवून पाहताना इंधनप्रवाह थांबला. अपभू (कक्षेतील पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) १ लाख किमी.वर न्यायचा होता, तो ७८ हजारांच्या आसपास अडकला. दुसऱ्याच दिवशी जादा प्रज्वलन करून तूट भरून काढली. हे शक्य झाले ते टप्प्याटप्प्याच्या आखणीमुळे. एकाच दीर्घ प्रज्वलनात अशी दुरुस्ती करता आली नसती. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यान मंगळाभोवती स्थिरावले.

त्याच संधीत निघालेल्या अमेरिकेच्या मेव्हन या मंगळयानाशी मंगलयानाच्या खर्चाची तुलना नेहमी होते. ती जपून करावी. कारण मेव्हनवरील उपकरणांचे वजन सुमारे ६५ किग्रॅ., म्हणजे मंगलयानावरील उपकरणांच्या चौपटीहून अधिक होते.

सहा महिन्यांसाठी आखलेल्या मंगलयानाशी संपर्क एप्रिल २०२२ मध्ये तुटला.